चाक किती गोळ्या खाईल?

गाड्यांच्या लढाईच्या व्हिडिओ गेममध्ये चाकाला एकाच वेळी चार कामे असतात. ते गाडी पळवते, वळवते, तिच्यावर चढवलेल्या चिलखताचे आणि तोफांचे ओझे पेलते, आणि शत्रूला नेम धरायला एक उघडी जागाही देते. बंदुकीचे त्या मानाने सोपे आहे. एखादी बंदूक फारच मारक ठरली तर तिचा माऱ्याचा आकडा खाली आणला की बहुतेक तक्रारी थांबतात. चाकाचा एक आकडा हलवला की वेग, वळण, वजन आणि मरण हे सगळेच थोडे थोडे सरकते, आणि ते नेमके कुठे जाऊन थांबेल हे आधी सांगता येत नाही. अशा गेममध्ये बंदुकांच्या समतोलावर वाद जास्त झडतात, पण गेम बनवणाऱ्यांचा घाम खऱ्या अर्थाने निघतो तो चाकांवर.

हा हिशेब संगणकाच्या आधी कागदावर सुरू झाला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘कार वॉर्स’ नावाचा पटावरचा खेळ आणला. त्यात खेळाडू ठरावीक पैशात आणि ठरावीक वजनात आपली गाडी कागदावर बांधत असे. टायरांचेही प्रकार होते: साधे, जाड, सहज पंक्चर न होणारे आणि भरीव. पुढचा प्रत्येक प्रकार आधीच्यापेक्षा चिवट, तितकाच जड आणि महाग. भरीव टायर घेतले तर वजनाचा कोटा तिथेच खर्ची पडे आणि चिलखताला कात्री लागे. हलके टायर घेतले तर पहिल्याच सुरुंगावर गाडी बसे. आजचे संगणकावरचे खेळ कितीही चकचकीत दिसोत, चाकाच्या समतोलाचे मूळ सूत्र अजून हेच आहे. १९८५ मध्ये ओरिजिन सिस्टिम्सने याच खेळावर बेतलेला ‘ऑटोड्युएल’ संगणकावर आणला. पुढे १९९५ मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या ‘ट्विस्टेड मेटल’ने वेगळी वाट धरली. तिथे गाड्या तयार मिळत, खेळाडूने फक्त त्यांतली एक निवडायची. अशा खेळाचा समतोल राखणे तुलनेने हातातले काम असते, कारण तपासायला मोजक्याच गाड्या असतात. गाडी खेळाडूच्या हाती सुटी सोपवली की हे सुख संपते.

गाडी सुटी सोपवण्याचे आजचे ठळक उदाहरण म्हणजे ‘क्रॉसआउट’. रशियातील येकातेरिनबर्गच्या टार्गेम गेम्सने तो बनवला आणि गायजिन एंटरटेनमेंटने २०१७ मध्ये प्रकाशित केला. जगाचा विध्वंस झाल्यानंतरच्या वाळवंटात, भंगारातून जोडलेल्या गाड्यांनी लढायचे, असे त्याचे कथासूत्र. गाडीचा गाभा म्हणजे केबिन. केबिन हलकी, मध्यम किंवा जड असते आणि ताकद, कमाल वेग आणि किती ओझे झेपेल हे प्रामुख्याने तिच्यावर ठरते. तिच्याभोवती सांगाडा, चिलखताचे पत्रे, बंदुका, जनरेटर असे भाग जोडत जायचे आणि गाडीला हलवणारे भागही स्वतःच निवडायचे. प्रत्येक भागाला वजन असते, टिकाऊपणाचा आकडा असतो आणि ‘पॉवर स्कोअर’ असतो. सगळ्या भागांच्या स्कोअरची बेरीज ही गाडीची पातळी, आणि तिच्या आसपासच्या गाड्याच समोर उभ्या केल्या जातात. लढाईत हे भाग एकेक करून उडवता येतात. तोडलेले चाक सहसा त्या लढाईपुरते गेलेच. सगळी चाके आणि सगळी शस्त्रे गमावलेल्या खेळाडूपुढे स्वतःच्या गाडीचा स्फोट करणे हा एक मार्ग उरतो. जवळ कुणी शत्रू असेल तर त्या धमाक्याची झळ त्यालाही बसते.

गाडीला हलवणाऱ्या भागांचे क्रॉसआउटमध्ये प्रमुख गट असे सांगता येतात: चाके, रणगाड्यासारखे पट्टे, हवेत तरंगवणारे होव्हर, यांत्रिक पाय आणि मळसूत्री दंडगोल, म्हणजे ऑगर. चाकांतही बारीक-मोठी, खिळे ठोकलेली, साखळी गुंडाळलेली, फुग्यासारखी अशी रेलचेल आहे. एकाच चाकाच्या अनेकदा दोन आवृत्त्या असतात, वळणारी आणि सरळ. पुढे वळणारी आणि मागे सरळ चाके लावली की गाडी नेहमीच्या मोटारीसारखी वागते. सगळीच वळणारी लावली की ती अरुंद जागेत वळते, पण वेगात मागची बाजू हातात राहत नाही. पुढचे वळणारे चाक उडाले तर गाडी पळते खरी, पण वळताना हट्ट करते.

पट्ट्यांचा स्वभाव वेगळा. महाराष्ट्रात रस्त्याचे किंवा विहिरीचे काम पाहिलेल्या कुणालाही तो ठाऊक आहे: चेनचा पोकलेन चिखलात, खडकात जागच्या जागी गिरकी घेतो, पण दुसऱ्या गावी न्यायचा तर ट्रेलर मागवावा लागतो, चाकांचा जेसीबी मात्र स्वतःच रस्त्याने निघून जातो. क्रॉसआउटमध्ये पट्टे जागीच वळतात, पुष्कळ ओझे उचलतात, पुष्कळ मार खातात आणि त्याबदल्यात कमाल वेग खाली ओढतात. लष्कराच्या खऱ्या दुनियेतही हा वाद संपलेला नाही. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने टाटांच्या साथीने ‘व्हॅप’ ही आठ चाकी चिलखती गाडी विकसित केली. रस्त्यावरचा वेग आणि देखभालीतली सोय चाकांच्या पारड्यात, तर भुसभुशीत जमीन आणि जड चिलखत पट्ट्यांच्या पारड्यात, अशी ही जुनी विभागणी. गेम बनवणाऱ्यांना ती आयती मिळते, म्हणून पट्टे आणि चाके यांचा आपसातला समतोल त्यातल्या त्यात सुकर असतो. वास्तवाशी जुळणारी किंमत खेळाडू कुरकुर न करता मोजतात.

होव्हरला असा आधार नाही. ते गाडीला पुढे-मागे तसेच आडवेही सरकवतात. भिंतीआडून बाजूला सरकून एक गोळी झाडायची आणि परत आड व्हायचे, हे चाकांच्या गाडीला जमत नाही. होव्हरला ते सहज जमते. शिवाय सरळ रेषेत न पळणाऱ्या लक्ष्यावर नेम लावणे मुळातच अवघड. हा फायदा कुठल्याही तक्त्यात आकडा म्हणून दिसत नाही. त्याची भरपाई करायची तर दिसणाऱ्या आकड्यांतूनच करावी लागते: टिकाऊपणा कमी, ओझे पेलण्याची कुवत कमी. त्यामुळे होव्हर चांगला चालवणाऱ्याला तो फारच बलवान वाटतो आणि नवशिक्याला काचेचा. कौशल्यानुसार ज्याची ताकद बदलते असा भाग एकाच आकड्याने दोघांनाही न्याय देऊ शकत नाही. तिथे गेम बनवणाऱ्याला बाजू घ्यावीच लागते.

यांत्रिक पायांनाही आडवी चाल आहे, पण ते संथ आहेत आणि मजबूतही. ऑगर फिरताना समोरच्या गाडीला घासला तर तिचे भाग सोलून काढतो, म्हणजे चाल आणि शस्त्र एकाच भागात. दोन कामे करणाऱ्या भागाची किंमत दोन्ही कामांच्या बेरजेइतकी ठेवली तर तो कुणी घेत नाही, आणि त्याहून कमी ठेवली तर सगळे घेतात. ऑगरसारख्या भागांच्या वाट्याला सततची डागडुजी येते ती यामुळे.

या सगळ्याच्या तळाशी भौतिकशास्त्राचे एक सोंग असते. पडद्यावर गोल चाक फिरताना दिसते. संगणकाच्या आत मात्र ते बहुधा गोल नसतेच. युनिटी या प्रचलित गेम इंजिनमध्ये चाकाच्या जागी गाडीच्या अंगातून खाली एक अदृश्य रेषा सोडलेली असते. जमीन किती खोलवर लागली ते ती मोजते आणि त्यावरून स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचे बळ काढले जाते. पकडीसाठी एक वक्ररेषा असते. चाक थोडे घसरू लागेपर्यंत पकड वाढत जाते, एका शिखरावर पोचते आणि त्यापुढे घसरण वाढली की कमी होऊन एका पातळीला स्थिरावते. खऱ्या टायरांचे वर्तन असेच असते. नेदरलँड्समधील डेल्फ्टचे अभियंते हान्स पासेयका यांनी त्यासाठी बनवलेले सूत्र ‘मॅजिक फॉर्म्युला’ या नावाने मोटार उद्योगात सर्रास वापरले जाते. गेममध्ये या वक्राचे शिखर आणि त्यानंतरचा उतार याही समतोलाच्याच किल्ल्या आहेत. उतार तीव्र ठेवला की गाडी एकदम सुटते आणि गिरक्या खाते. तो सौम्य ठेवला की सरावाने घसरत वळण घेता येते आणि पाठलाग रंगतदार होतो. वेगाच्या आकड्याला हात न लावता केवळ हा वक्र बदलून एखादे चाक लोकप्रिय किंवा नकोसे करता येते. पण बदलांच्या यादीत ‘पकड सुधारली’ एवढेच छापले जाते आणि खेळाडू गोंधळतात.

आता टिकाऊपणाकडे. समजा, एका काल्पनिक गेममध्ये चाकाचा टिकाऊपणा २०० आहे. तोफेची एक गोळी १०० नुकसान करते. दोन गोळ्यांत चाक गेले. खेळाडू कुरकुरतात, म्हणून टिकाऊपणा ५ टक्क्यांनी वाढवून २१० केला. आता तोफेला तीन गोळ्या लागतात. कागदावर वाढ ५ टक्के, पण तोफेच्या हिशेबी चाक दीडपट टिकाऊ झाले. पुढच्या वेळी उदार होऊन टिकाऊपणा २१० वरून थेट ३०० केला, म्हणजे जवळजवळ ४३ टक्क्यांची वाढ. तोफेला लागणाऱ्या गोळ्या? तीनच. या वाढीचा तोफेविरुद्ध फायदा शून्य. आता समोर मशीनगन आणू. तिची गोळी ८ नुकसान करते. २०० च्या चाकाला २५ गोळ्या, २१० च्या चाकाला २७ आणि ३०० च्या चाकाला ३८. इथे वाढ आकड्यांच्या प्रमाणात उतरते. म्हणजे एकाच आकड्यातल्या दोन बदलांनी आधी तोफवाल्यांचे नुकसान झाले आणि नंतर मशीनगनवाल्यांचे, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या पक्षाला फारसा धक्का लागला नाही. अशा उंबरठ्यांना खेळाडूंच्या भाषेत ‘ब्रेकपॉइंट’ म्हणतात. चाकांच्या समतोलातले निम्मे वाद या उंबरठ्यांतून जन्मतात, आणि वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू आपापल्या बंदुकीपुरत्या खऱ्या असतात.

चाकांची संख्या हा याच्या पुढचा पेच. एका गाडीला ३०० टिकाऊपणाची चार मोठी चाके आहेत, दुसरीला १५० ची आठ लहान. एकूण टिकाऊपणा दोन्हींचा १२०० च. तोफेच्या १०० च्या गोळ्यांनी मोठी चार चाके उडवायला बारा गोळ्या लागतात. लहान चाकाला दोन गोळ्या, म्हणजे आठांना सोळा. लहान चाकावर दुसरी गोळी अर्धी वाया जाते, त्याचा हा परिणाम. शिवाय पहिले मोठे चाक गेले की गाडीचा पाव पाया गेला. पहिले लहान चाक गेले तर आठवा हिस्साच. तोफेपुरते पाहिले तर लहान चाकांची गाडी सरळ सरस आहे. पण समोरचा तोफ सोडून रॉकेट घेऊन आला तर? लहान चाके एकमेकांना चिकटून असतात. रॉकेटचा स्फोट एका वेळी तीन चाकांना भाजतो. स्फोटाचे नुकसान प्रत्येकी १०० धरले तर दोन रॉकेटांत एका बाजूची तीन चाके साफ. म्हणून बहुतेक गेममध्ये टिकाऊपणाच्या जोडीला स्फोट, आग, गोळी यांना वेगवेगळा प्रतिकार असतो, आणि पट्ट्यांसारख्या लांबलचक भागांना स्फोटापासून जादा संरक्षण द्यावे लागते. ते दिले नाही तर एवढे मोठे लक्ष्य रॉकेटवाल्याचा चेंडू होऊन बसते.

‘मग सोळा चाके का लावू नयेत?’ हा प्रश्न नव्या खेळाडूला पडतोच. त्याचे उत्तर क्रॉसआउटने चाकाच्या वेगळ्याच गुणात दडवले आहे. प्रत्येक चाक गाडीची ओझे पेलण्याची कुवत वाढवते, पण इंजिनाच्या ताकदीतला एक वाटाही खाते. चाके वाढवत गेले की गाडी खूप काही वाहू शकते आणि जागेवरून हलायला मात्र वेळ घेते. त्याशिवाय प्रत्येक चाकाचे वजन आणि पॉवर स्कोअर असतोच. स्कोअर फुगला की समोर जास्त ताकदीचे प्रतिस्पर्धी येतात. एका अर्थाने पॉवर स्कोअर हीच सर्वात मऊ कात्री आहे. चाक जसेच्या तसे ठेवायचे आणि फक्त त्याची किंमत वाढवायची. चालवताना हाताला काही फरक जाणवत नाही, पण ते चाक घेऊन आता वरच्या पातळीत लढावे लागते. अनुभवी गेम-कर्ते आधी ही कात्री वापरून पाहतात आणि मगच टिकाऊपणाला हात घालतात. त्यांचा हा क्रम बरोबरच आहे, कारण हाताला झालेली सवय मोडली की खेळाडू आकड्यापेक्षा जास्त चिडतो.

आकड्यांत न मावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे उंची. मोठे चाक लावले की गाडी उचलली जाते. बंदूक उंचावरून मारा करते, खाचखळगे सहज पार होतात, पण पोट उघडे पडते. अंगाशी भिडून लढणारे खेळाडू नेमके याच संधीची वाट पाहतात. ते गाडीच्या पुढच्या टोकाला जमिनीलगत पाचर बसवतात, लहान चाके लावून गाडी शक्य तितकी खाली ठेवतात आणि समोरच्याच्या खाली घुसून त्याची पुढची चाके उचलतात. चाक हवेत गेले की त्याचा वेग, पकड, ताकद सगळे निरुपयोगी. मग पाचरवाला शॉटगनने सावकाश काम उरकतो. उंच चाकाला ‘पाचरीपुढे दुबळे’ असा कुठलाही आकडा दिलेला नसतो. ही दुर्बलता निव्वळ भूमितीतून येते. ती घालवायची तर चाकाचा व्यास बदलावा लागेल, आणि व्यास बदलला तर त्या चाकावर बांधलेल्या हजारो गाड्यांची बांधणी बिघडेल. म्हणून सहसा चाकाला कुणी हात लावत नाही. पाचरींचा टिकाऊपणा, जड गाड्यांचे वजन, मागे येण्याचा वेग असल्या आडवळणाच्या गोष्टी हलवल्या जातात.

तयार गाड्यांच्या खेळातही चाकांना किती घोळ घालता येतो, याचा धडा ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ने दिला. वॉरगेमिंग कंपनीचा हा रणगाड्यांचा खेळ सुरुवातीपासून पट्ट्यांचाच होता. त्यात पट्टा तुटला की रणगाडा जागीच खिळतो. काही सेकंदांत दल तो दुरुस्त करते किंवा खेळाडू दुरुस्तीपेटी वापरतो. एवढ्या अवधीत इतरांनी त्या खिळलेल्या रणगाड्याला जे नुकसान केले, त्याचे श्रेय पट्टा तोडणाऱ्यालाही मिळते. ही व्यवस्था फार विचारपूर्वक केलेली आहे: तुटलेला पट्टा ही शिक्षा आहे पण मृत्युदंड नाही, आणि तोडणाऱ्याला नुसत्या त्रासदायक माऱ्याचाही मोबदला मिळतो. जमीन कठीण, मध्यम की मऊ यानुसार प्रत्येक रणगाड्याला वेगळा अवरोध असतो. त्यामुळे कागदावर सारख्या ताकदीचे दोन रणगाडे डांबरावर बरोबरीने धावतात आणि चिखलात एक मागे पडतो.

२०१९ मध्ये या खेळात फ्रेंच चाकी गाड्या आल्या आणि पानार्ड ईबीआरने गदारोळ माजवला. मूळ गाडी खरोखरच विलक्षण. तिला आठ चाके. मधली चार धातूची, जमिनीत रुतून पकड घेणाऱ्या कडांची. रस्त्यावर ती उचलून घ्यायची आणि शेतात उतरली की खाली सोडायची. एक चालक पुढे, एक मागे, त्यामुळे संकटात तोंड न वळवता तितक्याच वेगाने उलटे पळता येई. १९७० मध्ये फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल यांची शवपेटी बुरूज काढलेल्या अशाच एका ईबीआरवरून नेण्यात आली होती. गेममध्ये तिला दोन चाली मिळाल्या, एक भरधाव आणि एक वळणांसाठी, आणि खेळाडूने एका कळीने त्यांत अदलाबदल करायची. भरधाव चालीत ती जवळपास इतर सगळ्यांना मागे टाके.

वेग कितीही असला तरी तो एक आकडा होता, तो कमी करता आला असता. खरी गोम होती चाकांच्या नियमात. पट्टा तुटला की रणगाडा थांबतो. ईबीआरचे एक चाक फुटले तर ती थोडी मंदावते आणि पळत राहते. वास्तवाच्या दृष्टीने हे योग्यच, आठांतले एक चाक गेल्याने कुठली गाडी जागच्या जागी थांबते? पण खेळातल्या शिकाऱ्याच्या हातातले एकमेव खात्रीचे हत्यार, पट्टा तोडून भक्ष्य खिळवणे, त्यामुळे बोथट झाले. भरीस भर म्हणजे चाकात लागलेली गोळी कित्येकदा गाडीच्या मुख्य अंगाला इजा न करता तिथेच विरे. कमी चिलखताची ही गाडी मग कागदाइतकी नाजूक असूनही मारायला दुस्तर वाटू लागली. टेहळणी करणाऱ्या पट्ट्यांच्या हलक्या रणगाड्यांची पंचाईत तर आणखी झाली. सामन्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात ईबीआर सगळा नकाशा उजेडात आणून परत येई. तिला दिलेल्या उणिवा खऱ्या होत्या. ती जागीच वळू शकत नाही. हलक्या रणगाड्यांच्या मानाने तिची नजर तोकडी आहे. एका संघात किती चाकी गाड्या याव्यात यालाही मर्यादा घातली गेली. पण तोकडी नजर हा अडथळा शत्रूच्या अगदी जवळ जाऊ शकणाऱ्या गाडीला कितीसा जाचणार? वेगाने जी उणीव भरून निघते ती उणीव किंमत म्हणून धरण्यात अर्थ नाही, ही चूक इथे उघड दिसते.

पुढे २०२१ मध्ये याच खेळात आलेल्या काही अमेरिकन जड रणगाड्यांना दोन बाजूंना मिळून चार पट्टे देण्यात आले. एक तुटला तरी रणगाडा कमी वेगाने सरकत राहतो. कल्पना ईबीआरसारखीच, पण या वेळी ती जड आणि संथ यंत्राला दिली. आरडाओरडा फारसा झाला नाही. ‘तुटल्यावरही चालत राहणे’ हा गुण एकच. वेगवान गाडीकडे तो असह्य ठरला आणि संथ गाडीकडे सुसह्य.

एखादे चाक फार बलवान झाले आहे हे ठरवायचे कसे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. पहिला मोह विजयाच्या टक्केवारीचा. पण महागडी, दुर्मीळ चाके बहुधा जुन्याजाणत्या खेळाडूंकडे असतात आणि ते कुठल्याही चाकांवर जिंकले असते. उलट, खेळ सुरू करताना फुकट मिळणारे चाक आकडेवारीत दुबळे दिसते, कारण ते नवशिक्यांच्या गाडीला असते. दुसरा मोह लोकप्रियतेचा. सगळे एकच चाक वापरत असतील तर ते बलवान असेल, किंवा नुसते स्वस्त, किंवा दिसायला झोकदार. म्हणून जाणकार एकाच खेळाडूच्या दोन वेगवेगळ्या चाकांवरच्या कामगिरीची तुलना करतात, आणि चाक उडाल्यानंतर गाडी किती वेळ जगली हेही पाहतात. वॉरगेमिंगने मोठे बदल आधी अजमावण्यासाठी ‘सँडबॉक्स’ नावाचा स्वतंत्र चाचणी सर्व्हर चालवला. तिथेही एक अडचण असतेच: चाचणीला येणारे खेळाडू हौशी आणि निष्णात, तर बदलाचा फटका बसणार तो संध्याकाळी अर्धा तास खेळणाऱ्याला.

क्रॉसआउटमध्ये या सगळ्याला पैशाचीही बाजू आहे. भाग खेळातल्या बाजारात नाण्यांवर विकले जातात आणि भाव खेळाडूंच्या मागणी-पुरवठ्यावर चढतो-उतरतो. चाकाचा टिकाऊपणा घटणार अशी बातमी आली की ते बाजारात ओतले जाते. बंदुकीपेक्षा चाकाचा तोटा जास्त लागतो, कारण चाके एकदम सहा-आठ घ्यावी लागतात. महिनाभर राबून जमवलेली सहा चाके एका दुरुस्तीत निम्म्या भावाची झाली तर खेळाडूला समतोलाचे शास्त्र ऐकायचे नसते. त्यामुळे गेम-कर्ते चाकांना खाली ओढायला कचरतात आणि त्याऐवजी इतर चाकांना वर उचलतात. असे दोन-तीन वेळा झाले की सगळीच चाके चिवट होतात, लढाया लांबतात, मग बंदुका वाढवाव्या लागतात, आणि जुन्या चाकांची गाडी घेऊन परतलेला खेळाडू पहिल्याच वळणावर उताणा पडतो. तात्पुरती नाराजी पत्करून चाक खाली आणणे हे दर वेळी स्वस्त पडते, पण ते धाडस थोड्यांनाच होते.

असा खेळ खेळणाऱ्याने बदलांची यादी वाचताना टक्केवारीवर जाऊ नये. आपल्या पातळीवर समोर येणाऱ्या दोन-तीन बंदुकांचे नुकसान किती आहे ते पाहावे, आपल्या चाकाचा नवा टिकाऊपणा त्याने भागावा, आणि लागणाऱ्या गोळ्यांची संख्या कालच्यापेक्षा बदलली आहे का तेवढे तपासावे. बदलली नसेल तर चाके विकायची घाई करू नये.